आपल्या वॉर्डात किती घरं कचरा जाळतात, ओढ्यात टाकतात याचा अंदाज नीट कसा काढायचा

गेल्या काही वर्षांत मी वॉर्डातल्या मंडळांचे, कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांचे, दोन-तीन ग्रामपंचायतींचे असे बरेच कचऱ्याचे सर्व्हे बघितलेत आणि जवळपास सगळ्यांत चूक तीच होते, फॉर्मवर लिहिलेलं असतं ‘तुम्ही कचरा जाळता का?’ आणि उत्तर येतं ९५ टक्के ‘नाही’. मग संध्याकाळी सातला त्याच गल्लीतून चाललं की डोळे चुरचुरतात. पोरांनी मेहनत केलेली असते, उन्हात फिरलेली असतात, पण आकडा हातात येतो तो काही कामाचा नसतो आणि त्यावर घंटागाडीची फेरी कुठे वाढवायची हे ठरवता येत नाही.

लोक खोटारडे आहेत म्हणून असं होतं असं मला वाटत नाही. कचरा जाळणं, नाल्यात टाकणं, पुरणं हे घनकचरा नियमांत बंद आहे, उघड्यावर जाळलं तर हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणे ५,००० रुपये दंड आहे आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. अनोळखी माणूस वही घेऊन दारात उभा राहिल्यावर कोण कबूल करणार? म्हणून खरं सांगितलं तरी त्रास होणार नाही अशी सोय आपणच करून द्यायची असते. खाली जो क्रम दिलाय तो ५००-७०० घरांच्या वॉर्डाला किंवा गावाला धरून आहे, आणि क्रम बदलू नका, कारण पहिल्या दोन टप्प्यांत चुकलं की पुढे कितीही मेहनत केली तरी दुरुस्त होत नाही.

टप्पा १: नक्की काय मोजायचंय ते आधी कागदावर लिहा

‘घातक पद्धतीने विल्हेवाट’ म्हणजे काय हे टीममधल्या पाच जणांना वेगवेगळं विचारा, पाच उत्तरं येतील. एक म्हणेल पालापाचोळा जाळला तोही धरा, दुसरा म्हणेल तो कुठे घातक. म्हणून बाहेर पडायच्या आधी यादी करा. माझी यादी अशी असते: प्लास्टिक, रबर, थर्माकोल, पॅड-डायपर जाळणं (बंबात किंवा चुलीत घातलं तरी ते जाळणंच), यातलं काहीही ओढ्यात, नाल्यात, नदीत किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकणं, परसात पुरणं, संडासात सोडणं. ट्यूबलाइट, सेल, मुदत संपलेली औषधं, सुया, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे हा घरगुती घातक कचरा, तो साध्या कचऱ्यात मिसळून दिला तर ते मी वेगळ्या रकान्यात घेतो कारण बऱ्याच गावांत तो वेगळा द्यायची सोयच नसते.

आणि काय धरायचं नाही तेही लिहा. भाजीची देठं म्हशीला घातली, ओला कचरा उकिरड्यावर टाकला, रद्दी भंगारवाल्याला दिली, यात घातक काही नाही. कोकणात असाल तर राब भाजणं (भाताच्या रोपासाठी पाला-काटक्या टाकून जमीन भाजणं) हे शेतीचं काम आहे, घरातल्या कचऱ्याशी त्याचा संबंध नाही, ते मिसळलं तर सगळं गाव दोषी निघेल. विदर्भात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) चुलीत जातात, ते सरपण आहे. पालापाचोळा जाळणंही नियमात बसत नाही, पण प्लास्टिक जाळणं आणि पानं जाळणं एका आकड्यात कोंबू नका, प्लास्टिकचा, त्यातही पीव्हीसीचा धूर वेगळाच, त्यात डायऑक्सिनसारखी विषं असतात. पानांचा रकाना वेगळा ठेवा.

मग दर कशाचा ते ठरवा. ‘१०० पैकी किती घरांनी गेल्या ७ दिवसांत यातलं एकदा तरी केलं’ हा एक दर. ‘किती किलो कचरा असा गेला’ हा दुसरा दर, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही, कारण १० घरं रोज जाळत असतील आणि १०० घरं आठवड्यात एखादी पिशवी. या लेखात पहिलाच दर काढतोय. वजनाचा दर काढायला घरोघरी काटा न्यावा लागतो, तो उद्योग पहिल्या वेळी नको.

सावध: ‘७ दिवस’ हे वाक्य कधीच सोडू नका. ‘सहसा काय करता’ असं विचारलं की माणूस काय करायला हवं ते सांगतो, काय केलं ते सांगत नाही.

टप्पा २: घरांची यादी

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

ग्रामपंचायत असेल तर नमुना ८ ची आकारणी यादी मागा, शहरात घरपट्टीची यादी. मतदार यादीवरून काम करायचा मोह होतो कारण ती सहज मिळते, पण त्यात घर नाही तर माणूस मोजलेला असतो, सहा मतदारांचं घर सहा वेळा येतं आणि नव्या भाडेकरूचं येतच नाही. कुठलीही यादी घेतलीत तरी ती हातात धरून एकदा पूर्ण वॉर्ड पायी फिरा. यादीत काय नसतं ते मी सांगतो: वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, दुकानामागे राहणारं कुटुंब, मळ्यातली वस्ती, वीटभट्टीवरची खोपटं, हंगामात ऊसतोड्यांच्या कोप्या. गाडी पोचत नाही ती नेमकी याच ठिकाणी, म्हणजे ही घरं गळाली की तुमचा दर आपोआप कमी येणार.

घर म्हणजे एक चूल, असं धरा. एका छताखाली दोन भाऊ वेगळे राहतात, दोन गॅस आहेत, तर ती दोन घरं. जनगणनेतही एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब असंच धरतात.

यादी पूर्ण झाली की प्रत्येक घरापुढे एक अक्षर टाका:
अ, घंटागाडी दारात येते.
ब, गाडी कोपऱ्यावर थांबते, कचरा तिथपर्यंत न्यावा लागतो.
क, गाडी येत नाही, किंवा आली तर आली.

हे अक्षर ऑफिसच्या वेळापत्रकावरून टाकू नका, त्या गल्लीतल्या दोन बायकांना विचारून टाका. वेळापत्रकात गाडी रोज असते.

तपासा: पायी फिरून आल्यावर यादीत एकही घर वाढलं नाही असं झालं तर तुम्ही नीट फिरला नाहीत, परत जा.

टप्पा ३: कोणती घरं घ्यायची

उदाहरणाला ६२० घरांचा वॉर्ड धरू, आकडे हिशोब समजण्यापुरते घेतलेत. अ गटात ३४०, ब मध्ये १९०, क मध्ये ९०.

सरसकट चौथं-पाचवं घर घेत गेलात तर क गटातून जेमतेम १८-२२ घरं येतील आणि त्यावरून काही बोलता येणार नाही. म्हणून प्रत्येक गटातून साधारण साठ-साठ घरं घ्यायची, आणि शेवटी हिशोबात प्रत्येक गटाला त्यातल्या घरांच्या संख्येप्रमाणे वजन देऊन ते सारखं करायचं (टप्पा ७). अ मध्ये प्रत्येक पाचवं, म्हणजे ६८. ब मध्ये प्रत्येक तिसरं, म्हणजे ६३. क मध्ये प्रत्येक तिसरं घर सोडायचं, बाकी घ्यायची, म्हणजे ६०. एकूण १९१. सुरुवात कुठल्या घरापासून ते चिठ्ठी टाकून ठरवा, ओळखीच्या घरापासून नको.

मग बंद घरांचा प्रश्न येतो. कुलूप दिसलं की पोरं शेजारच्या घरात जातात आणि फॉर्म भरून आणतात. हे अजिबात करू नका. दिवसा कुलूप कुणाचं असतं? नवरा-बायको दोघं कामाला जाणाऱ्यांचं. गाडी सकाळी नऊला येते तेव्हा ही माणसं बसमध्ये असतात, म्हणून पिशवी रात्री दुचाकीवरून जाताना पुलावरून खाली जाते. म्हणजे जी घरं तुम्ही शेजाऱ्यावर भागवलीत तीच तुम्हाला हवी होती. बंद घराला तीन वेळा जायचं, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी सातनंतर, एकदा रविवारी. तिन्ही वेळा नाही भेटले तर ‘नाही भेटले’ लिहा आणि पुढे चला.

आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून ‘२१२ लोकांनी भरला’ असं म्हणणारेही खूप आहेत. जो फॉर्म भरतो तो मुळात कचऱ्याबद्दल विचार करणारा माणूस, त्याच्यावरून वॉर्डाचा अंदाज काढता येत नाही, मग २१२ असोत की २,०००.

टप्पा ४: दारात कोण जाणार, कसं जाणार

माझा स्वतःचा पहिला सर्व्हे इथेच बुडाला. स्थानिक कार्यालयाने मदत म्हणून जीप दिली, वर भोंगा, पुढे मुकादम, आणि आम्ही मागे वह्या घेऊन. आम्हाला वाटलं केवढा पाठिंबा मिळाला. दोन दिवसांत १४० घरं झाली आणि जाळतो म्हणणारी निघाली तीन. नंतर एका काकूंनीच सांगितलं, ‘अहो तुम्ही दंडाची पावती फाडायला आलाय असंच वाटलं सगळ्यांना.’ ते १४० फॉर्म आम्ही बाजूला ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली.

तर गणवेशातलं कुणी सोबत नको, नगरसेवकाचा कार्यकर्ता नको, फोटो काढणारा तर अजिबात नको. दोघांची जोडी करा, त्यात एक बाई हवीच, कारण पॅड-डायपरचं कुणी पुरुषाला सांगणार नाही. आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई ओळख करून द्यायला चांगल्या, पण प्रश्न विचारताना त्यांनी तिथे थांबू नये, रोजची ओळख असली की माणूस जास्तच सावध बोलतो.

दारात पहिला प्रश्न: ‘घरातला कचरा बाहेर कोण नेतं?’ आणि मग त्याच माणसाशी बोलायचं. पेपर वाचत बसलेले काका लगेच म्हणतील ‘घंटागाडीत जातो की सगळा’, आणि त्यांना खरंच तसं वाटत असतं, पण पिशवी नेतात त्यांच्या सूनबाई किंवा कामाला येणाऱ्या मावशी.

कागद दोन ठेवा, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. एक भेटीची यादी, त्यात घर नंबर, किती वाजता गेलात आणि ‘भेटले / नाही भेटले’, बाकी काही नाही. दुसरी उत्तराची चिठ्ठी, तिच्यावर फक्त अ, ब किंवा क. नाव, घर नंबर, मोबाइल काहीच नाही. चिठ्ठी त्यांच्यासमोर बंद डब्यात टाका आणि डबा एका गटाची निदान वीस घरं झाल्याशिवाय उघडू नका.

टप्पा ५: प्रश्न

‘कचरा’ हा शब्दच शक्यतो टाळा. वस्तू विचारा, आणि ‘शेवटची गेली ती कुठं गेली’ असं विचारा. सांगली-कोल्हापूरकडे एका घरात आजी मला ठामपणे म्हणाल्या, ‘छे बाबा, आम्ही कचरा जाळत नाही.’ आणि त्यांच्या मागे बंब पेटलेला, तोंडाशी दुधाच्या पिशवीचा निळा कोपरा आक्रसत चाललेला. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी तो कचरा नव्हताच, बंब पेटवायची वस्तू होती. मी विचारलं ‘आजी, बंब पेटवायला काय घेता?’ तर लगेच म्हणाल्या, ‘पिशव्या घेते, रॉकेल कुठं मिळतंय आता.’ त्या दिवसापासून मी बंब आणि चूल वेगळी विचारतो.

क्रम असा ठेवा. आधी सोपं: माणसं किती, गाडी किती वाजता येते, गेल्या आठवड्यात किती दिवस आली. मग वस्तू, एकेक करून: दुधाची पिशवी, वेफर्स-गुटख्याच्या पुड्या, फाटकी चप्पल, थर्माकोल, तळून उरलेलं तेल, जुनी औषधं, सेल, ट्यूब, शेत असेल तर फवारणीच्या बाटल्या. उत्तर त्यांच्या शब्दांत लिहा. ‘मागं टाकली’ असं म्हणाले तर मागं म्हणजे कुठं ते विचारा, परसात, गटारात की ओढ्यात.

वस्तूंच्या या उत्तरांवरून काय कुठे जातं हे छान कळतं, पण एकूण दर इथून काढू नका. भीती कमी झाली तरी पूर्ण जात नाही आणि काही गोष्टी तोंडावर निघतच नाहीत. एकूण दरासाठी पुढचा टप्पा.

सावध: प्रश्न विचारताना मान हलवणं, ‘अरे अरे’ म्हणणं, प्लास्टिकच्या धुराने काय होतं ते सांगणं, सगळं बंद. सांगायचंच असेल तर सगळा सर्व्हे संपल्यावर वॉर्डाची बैठक घ्या. पहिल्या दहा घरांत प्रवचन केलंत की अकराव्या घरापर्यंत बातमी तुमच्या आधी पोचते.

टप्पा ६: फासा

ही युक्ती मूळची १९६५ सालची, वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाची, आपण वापरतोय ते तिचं फाशाचं सोपं रूप. एक लुडोचा फासा, एक स्टीलचा पेला. फाशाच्या १ या बाजूवर लाल टिकली चिकटवा, ६ वर काळी टिकली, बाकी चार बाजूंवर पांढरा कागद. आकडे ठेवले तर लोक गोंधळतात, टिकली कुणालाही कळते.

मग सांगायचं असं: ‘ताई, मी पाठ करून उभी राहते. तुम्ही पेल्यात फासा हलवा आणि एकट्याच बघा. लाल टिकली आली तर खरं काहीही असो, होय वर खूण करा. काळी आली तर खरं काहीही असो, नाही वर खूण करा. पांढरी आली तरच खरं उत्तर. फाशावर काय आलं ते मला सांगू नका. त्यामुळे तुमची चिठ्ठी उद्या कुणी बघितली तरी होय कशामुळे लिहिलंय ते कुणालाच कळणार नाही, मलाही नाही.’

आणि प्रश्न एकच, मोठा, चिठ्ठीवर छापलेला: ‘गेल्या ७ दिवसांत तुमच्या घरातलं प्लास्टिक, रबर, थर्माकोल किंवा पॅड-डायपर कधी जाळलं गेलं (चूल-बंब धरून), किंवा ओढा, नाला, नदी, मोकळ्या जागेत टाकलं गेलं, किंवा पुरलं, किंवा संडासात सोडलं, यातलं काहीही एकदा तरी झालं का?’

वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवा आणि खुणेसाठी होय-नाहीच्या जागी दोन चित्रं ठेवा. खऱ्या प्रश्नाआधी एकदा सराव करून घ्या, ‘तुम्ही आज चहा घेतला का’ असा, आणि सरावात फासा दोघांनी मिळून बघा. सरावाशिवाय हे चालत नाही, मी वेळ वाचवायला एका वस्तीत सराव गाळला होता तर बऱ्याच बायका लाल टिकली म्हणजे ‘आपली चूक’ समजल्या आणि नाही वर खूण करून मोकळ्या झाल्या.

तपासा, बाहेर पडायच्या आधी: टीमला बसवा आणि ‘तुम्ही कधी विमान चालवलंय का?’ हा प्रश्न फाशाने विचारा, सगळे मिळून ६० वेळा. कुणीच विमान चालवलेलं नाही, तरी ‘होय’ साधारण १० यायला हवेत, सात-आठ किंवा बारा-तेरा आले तरी ठीक. दोनच आले तर नियम कुणाला तरी कळलेला नाही.

तपासा, रोज संध्याकाळी: कुठल्याही गटात होय चं प्रमाण १७ टक्क्यांच्या खाली आलं तर काहीतरी बिघडलंय. सगळी घरं अगदी आदर्श असली तरी लाल टिकलीमुळे सहात एक होय यायलाच पाहिजे. वीसेक चिठ्ठ्यांवर लगेच घाबरू नका, पण पन्नासवरही तसंच राहिलं तर लोक लाल आल्यावरही होय म्हणायला घाबरतायत, थांबा आणि सांगायची पद्धत बदला.

टप्पा ७: हिशोब

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. होय चं प्रमाण काढा, त्यातून ०.१६७ वजा करा (लाल टिकलीचे आपोआप आलेले होय), आणि उरलेल्याला ०.६६७ ने भागा (खरं उत्तर देणाऱ्यांचा वाटा, सहात चार).

आपल्या उदाहरणात धरू की १९१ पैकी १७४ घरं भेटली.

अ: ६२ चिठ्ठ्या, २० होय. ०.३२३ वजा ०.१६७ म्हणजे ०.१५६, भागिले ०.६६७, म्हणजे २३ टक्के.
ब: ५८ चिठ्ठ्या, २५ होय. तसाच हिशोब, ४० टक्के.
क: ५४ चिठ्ठ्या, ३३ होय. ६७ टक्के.

आता वॉर्डाचा दर. इथे अर्धे लोक सगळे होय एकत्र करतात, १७४ पैकी ७८, आणि सूत्र लावून ४२ टक्के सांगतात. चूक आहे ते, कारण क गटातली घरं आपण मुद्दाम जास्त घेतली होती. प्रत्येक गटाचा दर त्या गटातल्या सगळ्या घरांना लावा: अ मध्ये ३४० च्या २३ टक्के म्हणजे साधारण ८० घरं, ब मध्ये १९० च्या ४० टक्के म्हणजे जवळपास ७५, क मध्ये ९० च्या ६७ टक्के म्हणजे ६०. बेरीज २१५, भागिले ६२०, म्हणजे ३५ टक्के. ४२ आणि ३५ मधला फरक म्हणजे या वॉर्डात चाळीसेक घरं, तेवढ्यासाठी घंटागाडीची आख्खी फेरी इकडची तिकडे होते.

आणि मागे-पुढे किती होऊ शकतं तेही काढा, हे कुणीच करत नाही. एका गटासाठी: होय चं प्रमाण गुणिले नाही चं प्रमाण, भागिले चिठ्ठ्या, त्याचं वर्गमूळ, गुणिले २, भागिले ०.६६७. क गटात ०.६११ गुणिले ०.३८९ भागिले ५४, वर्गमूळ ०.०६६, दुप्पट ०.१३३, भागिले ०.६६७, म्हणजे जवळपास २० टक्के. म्हणजे क चा दर ४७ ते ८७ च्या मध्ये कुठेतरी. तिन्ही गट एकत्र केले की वॉर्डाचा आकडा ३५, दोन्हीकडे साधारण १२. ही रुंदी बघून लोक नाराज होतात. पण ही फाशाची किंमत आहे, तितक्याच घरांत सरळ प्रश्न विचारला असता तर रुंदी कमी दिसली असती आणि आकडाच खोटा असता. अरुंद आणि खोटा आकडा मला नको. माणसं जास्त असतील तर सगळ्या ६२० घरांत जा, एवढ्या लहान वॉर्डात तेच उत्तम, मग गटांची वजनं लावायचीही गरज उरत नाही, फाशाचा थोडा डळमळीतपणा तेवढा राहतो.

दोन चुका इथे फार दिसतात. एक, वस्तूंच्या प्रश्नांतले टक्के एकमेकांत मिळवणं, जाळणारे २० टक्के, ओढ्यात टाकणारे १५, म्हणून एकूण ३५. जे घर जाळतं तेच कधी ओढ्यातही टाकतं, ते दोनदा मोजलं जातं. दुसरी, न भेटलेली घरं ‘नाही’ मध्ये टाकणं. ती कुठेच टाकायची नाहीत, किती होती तेवढं सांगायचं.

टप्पा ८: डोळ्यांनी ताळा

फाशाचा आकडा आला तरी त्यावर एकट्यावर विसंबू नका. ओळीने ७ दिवस, रविवार धरून, एकाच ठरलेल्या वाटेने सकाळी सहा ते आठ आणि रात्री सात ते नऊ फिरा आणि जाळल्याच्या जागा मोजा. मोजलेल्या राखेवर चुन्याची चिमूट टाका, दुसऱ्या दिवशी चुना दिसला तर जुनी, नाही दिसला तर नवी. पावसात चुना टिकत नाही, त्या दिवसाची मोजणी सोडा.

राखेच्या जागांना घरांच्या संख्येने भागून दर काढू नका. बंबातला, परसातला धूर तुम्हाला दिसत नाही, आणि कोपऱ्यावरचा ढीग हॉटेलवाल्याचा असू शकतो किंवा बाहेरून गाडीवर येऊन टाकणाऱ्याचा. या मोजणीचा उपयोग एवढाच की क गटात फाशाचा दर जास्त आलाय तर राखही तिकडेच जास्त दिसते का ते बघायचं. दोन्ही उलट निघाले तर टप्पा २ ची अक्षरं चुकली असतील, आधी ती तपासा.

जमलं तर दोन-तीन दिवस घंटागाडीवरच्या मावशींबरोबर चाला आणि किती दारातून कचरा आला त्याच्या खुणा करा. त्यांना जे ठाऊक असतं ते कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडत नाही. ‘ही लाइन शनिवारीच देते, मधले दिवस कुठं टाकत्यात बघा तुम्हीच’ असं एका मावशींनी मला चालता चालता सांगितलं होतं आणि ते तंतोतंत खरं निघालं. पण कचरा दिला नाही म्हणजे ओढ्यात टाकला असं नव्हे, साठवूनही ठेवतात, ओला परसात जिरवतात.

मोठ्या शहराचा माणशी-ग्रॅमचा आकडा घेऊन ‘एवढा कचरा तयार व्हायला हवा, गाडीत एवढाच आला, उरलेला जाळला’ असा हिशोब मांडतात तोही नको. गावातल्या घरात कचरा कमी असतो, आणि जो असतो त्यातला बराच गुरं, कोंबड्या आणि भंगारवाला नेतो.

टप्पा ९: कधी करायचं

दिवाळीच्या साफसफाईच्या पंधरवड्यात नको, गावच्या यात्रेत नको, लग्नाच्या तिथी दाट असतील तेव्हा नको. थंडीत बंब पेटतात, जाळणं वाढतं. पावसाळ्यात जाळणं कमी होतं पण तेच ओढ्यात जातं, पाणी वाहून नेतं म्हणून. त्यामुळे जानेवारीचा आकडा आणि जुलैचा आकडा शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ असं म्हणू नका. परत मोजायचं असेल तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तोच प्रश्न शब्दाला शब्द, त्याच टिकल्यांनी.

टप्पा १०: आकडा कसा सांगायचा

‘वॉर्डात साधारण ३५ टक्के घरं, २३ ते ४७ च्या दरम्यान’ असं पूर्ण सांगा, खाली महिना, किती घरं घेतली, किती भेटली, प्रश्न जसा विचारला तसा. ‘३४.७’ असं दशांशात सांगू नका. दोन गटांत तीन-चार टक्क्यांचा फरक असेल तर ‘हा गट पुढे, तो मागे’ असा क्रम लावू नका, एवढ्या घरांवर तो फरक काहीच नाही. पंधरा घरांच्या वस्तीचा वेगळा दर काढूच नका, तिथे दर म्हणजे जवळपास नावं घेतल्यासारखंच होतं.

नकाशा करायचा तर गटांचा करा, घरांवर ठिपके नकोत. कार्यालयातून कुणी ‘जाळणाऱ्यांची यादी द्या, नोटीस काढतो’ असं म्हणेल, हमखास म्हणतात. तुमच्याकडे ती यादी नसणारच, फासा वापरायचं ते एक कारण आहे, आणि तसं सरळ सांगा. त्याऐवजी गाडी किती वाजता येते आणि त्या वेळी किती घरांना कुलूप असतं हा तुमच्या भेटीच्या यादीतला आकडा द्या, फेरीची वेळ बदलायला तोच लागतो. मग भेटीची यादी फाडून टाका, चिठ्ठ्या गटवार गठ्ठे बांधून ठेवा आणि पेला, फासा, टिकल्यांचं पाकीट त्याच पिशवीत राहू द्या, पुढच्या वर्षी याच महिन्यात काढायचंय.